पोटरीतला गोळा आणि 'रक्त पातळ करायची' गोळी

वावराकडे निघालं की पोटरीत गोळा येतो, घटकाभर उभं राहिलं की जातो, पुन्हा चाललं की हजर. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात असं दुखणं बहुतेक वेळा वाताच्या, नाहीतर वयाच्या खात्यावर जमा होतं. पण ते पायाची धमनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. मणक्याचं दुखणं असेल, तर नुसतं उभं राहून भागत नाही. बसावं किंवा वाकावं लागतं. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आलं, की धमनीविकाराचं निदान होतं, आणि मग 'रक्त पातळ करायची' गोळी सुरू होते.

"महिनाभर गोळी घेतली, पाय दुखायचा राहिला नाही, म्हणून बंद केली."

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल पायदुखीसाठी दिलेलीच नसते. पायाच्या धमनीत चरबीचा थर साचलेल्या माणसाच्या हृदयाकडच्या आणि मेंदूकडच्या धमन्याही सहसा धड नसतात. गोळी असते ती हार्ट अ‍ॅटॅक आणि लकवा टाळायला. १९९६ साली १९ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या 'कॅप्री' चाचणीत क्लोपिडोग्रेल अ‍ॅस्पिरिनपेक्षा थोडी सरस ठरली. पायाच्या धमनीविकारात तो फरक जास्त दिसला.

पायदुखीवरचा उपाय म्हणजे चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून निदान तीनदा, अर्धा-पाऊण तास, किमान तीन महिने. आणि बिडी-सिगारेट बंद. धूर चालू ठेवून गोळीवर भरवसा ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! सिलोस्टॅझोलने चालण्याचं अंतर वाढतं, पण हृदय कमजोर असेल तर ती वर्ज्य.

"रक्त पाण्यासारखं होतं."

नाही. रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटायच्या कमी होतात, एवढंच. अ‍ॅस्पिरिनचा हा परिणाम बिंबिकेच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो. म्हणून दात काढायचा असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. गुडघ्यासाठी मनाने आयब्युप्रोफेन घेतलं, तर अ‍ॅस्पिरिनचा गुण कमी होतो आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर लगेच दाखवा.

"शेजाऱ्याला दिली, मीही घेतो."

पायाला त्रास नसलेल्या मधुमेहींवर स्कॉटलंडमध्ये झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही.

पाय अचानक गार, पांढराफटक, बधिर पडला, तर मात्र शेकत, चोळत बसू नका. गाडी करा आणि थेट बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहण्याइतका वेळ त्या पायाकडे नसतो.