डोळ्यांदेखत घडणारी उत्क्रांती

उत्क्रांती म्हटली की लाखो वर्षांचा हिशेब मनात येतो. डार्विनचीही समजूत अशीच होती, की नैसर्गिक निवडीचे काम इतके संथ असते की ते चालू असताना माणसाला काही दिसायचे नाही. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांच्या प्रजातीने, म्हणजे ड्रोसोफिलाने, ही समजूत पार बदलून टाकली. निवड काही वर्षांत, प्रसंगी काही आठवड्यांत, आपला ठसा उमटवते. शिवाय ती कुठे पोहोचेल याचा अंदाज बराचसा आधी बांधता येतो. कोणत्या वाटेने पोहोचेल याचा मात्र नाही.

पहिला पुरावा थिओडोसियस डोबझान्स्की यांचा. कॅलिफोर्नियातील सॅन हसिंटो डोंगरावरच्या ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या जातीत तिसऱ्या गुणसूत्राचे काही तुकडे उलटे बसलेले आढळतात. अशा तुकड्यातली जनुके सहसा फुटून वेगळी होत नाहीत, एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत यांपैकी ‘स्टँडर्ड’ नावाची रचना घटते व ‘चिरिकाहुआ’ वाढते, आणि पुढे उन्हाळ्यात हे पारडे पुन्हा फिरते, असे त्यांनी 1943 मध्ये दाखवले. नंतर स्यूअल राइट यांच्यासोबत त्यांनी हीच चिलटे पिंजऱ्यांत वाढवली, तेव्हा 25 अंश सेल्सियसला स्टँडर्डचे प्रमाण चढत गेले, 16.5 अंशांना ते हलले नाही. बदल ऋतूगणिक मागेपुढे होत असल्यामुळे वर्षातून एकदाच मोजणाऱ्याला सारे स्थिर भासते. उत्क्रांती संथ वाटण्याचे एक मोठे कारण इथेच आहे, असे मला वाटते.

तरीही सर्वात बोलका पुरावा ड्रोसोफिला सबऑब्स्क्युराचा. ही मूळची युरोप आणि आसपासची जात. तिथे दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसे तिचे पंख मोठे होत जातात. 1978 मध्ये ती चिलीतील प्वेर्तो माँत येथे सापडली आणि 1982 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात. दोन्ही खंडांत ती झपाट्याने पसरली. निसर्गाने जणू प्रयोगच मांडून दिला होता. उलट्या तुकड्यांचे प्रमाण थोड्याच वर्षांत दोन्हीकडे अक्षांशानुसार बदलू लागले, आणि बव्हंशी युरोपातल्याच दिशेने. पंखांनी थोडा वेळ घेतला. उत्तर अमेरिकेत पहिल्या दशकानंतर पंखांच्या आकारात अक्षांशानुसार असा क्रमिक बदल (उतार) दिसला नव्हता. रेमंड ह्यूई आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोन दशकांनी पुन्हा मापे घेतली, तेव्हा माद्यांच्या पंखांचा उतार जवळपास युरोपाइतकाच भरला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या शोधातली खरी मौज पुढेच आहे. युरोपात पंख लांबतो तो मुळाकडच्या भागात, अमेरिकेत टोकाकडच्या भागात. मुक्काम तोच, वाट निराळी.

यावर शंका घेता येतात आणि त्या घ्यायलाच हव्यात. थंडीत वाढलेले चिलट तसेही मोठे होते, मग हा जनुकांचा बदल कशावरून? कारण ठिकठिकाणची चिलटे प्रयोगशाळेत एकाच तापमानात काही पिढ्या वाढवूनच ही मापे घेतली होती. उत्तरेकडची चिलटे मुळात उत्तर युरोपातून आणि दक्षिणेकडची दक्षिणेतून आली असतील तर? ही शंका अधिक टोकदार आहे. पण ‘ओ-5’ नावाचा, युरोपात दुर्मिळ असलेला उलटा तुकडा दोन्ही अमेरिकांत आढळतो, आणि तिथे तो बहुधा एकाच घातक जनुकाला चिकटलेला असतो. त्यावरून दोन्हीकडची चिलटे एकाच छोट्या मूळ गटातली ठरतात. राहता राहिला योगायोग. योगायोगाने एका खंडात उतार तयार होईल. पण दोन गोलार्धांत, दोन्हीकडे विषुववृत्तापासून ध्रुवाकडे, तोच क्रम लागणे योगायोगाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पेनसिल्व्हेनियातील एका प्रयोगाने या शंकांना आणखी थेट उत्तर दिले. एकाच मूळ साठ्यातील ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर उघड्यावरच्या दहा मोठ्या बंदिस्त जाळ्यांत सोडली गेली. बाहेरून नवी चिलटे येण्याची सोय नव्हती. तरीही 2022 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार उन्हाळा ते शरद या एकाच हंगामात दहाही ठिकाणी जनुकांचे प्रमाण बरोबरीने बदलले, काहींची दिशा मध्येच उलटलीही.

‘चिलट शेवटी चिलटच राहिले, नवी जात कुठे झाली?’ हा आक्षेप मला दुय्यम वाटतो. जाती निपजतात त्या याच कच्च्या मालातून, आणि त्याची उलाढाल किती वेगाने होते हाच इथला प्रश्न आहे. याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे: वेग इतका असेल तर तापत्या पृथ्वीची कीटकांना चिंता कशाला? सबऑब्स्क्युराने तापमानवाढीची दखल खरोखरच घेतली आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतील 26 ठिकाणांपैकी 22 ठिकाणी हवा उबदार झाली होती, आणि त्यांतल्या 21 ठिकाणी उलट्या तुकड्यांचे प्रमाण विषुववृत्ताकडच्या चिलटांसारखे होऊ लागले होते. पण बदलाची अशी शिल्लक सगळ्यांना हवी तेव्हा वापरता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनातील ड्रोसोफिला बर्चिआयवर अ‍ॅरी हॉफमन आणि सहकाऱ्यांनी 30 हून अधिक पिढ्या कडक निवड केली. अत्यंत कोरड्या हवेत तग धरण्याची तिची ताकद वाढली नाही. पुढे हवा तितकी कोरडी न ठेवता निवड केली गेली, तेव्हा मात्र ही जात बदलली. म्हणजे तिच्यात बदलाची क्षमता आहे, पण ती वापरात यायची तर जंगल हळूहळू कोरडे व्हायला हवे.