भागीदारीचा कागद तुम्ही लिहिला नाहीत, तर कायदा लिहितो



आपल्या नालासोपारा-विरार पट्ट्यात सतत कुठेतरी दोन मित्र मिळून गाळा घेत असतात. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, गुमास्ता निघतो, फोटो स्टेटसला लागतो. वर्कशॉपमध्ये अशा जोडीला मी विचारतो, "पार्टनरशिप डीड केलंत का?" उत्तर ठरलेलं असतं. "सर, आम्ही शाळेपासूनचे मित्र आहोत."

मीसुद्धा हेच म्हणायचो. बीबीएला बिझनेस लॉचा पेपर देऊन आलेला माणूस, तरीही.

माझं पहिलं दुकान नालासोपारा पूर्वेला होतं. प्लास्टिक आणि किचनचं सामान. मित्राने ६ लाख घातले, मी २ लाख. तो अंधेरीला नोकरी करायचा. मी सकाळी दहा ते रात्री दहा गल्ल्यावर. नफ्याचं काय, असा विषय निघाला की दोघंही म्हणायचो, "बघू रे, आधी धंदा तर होऊ दे."

धंदा झाला. दीड वर्षाने हिशेब केला, तर सगळा खर्च जाऊन ३ लाख ६० हजार नफा. आणि त्याच रात्री भांडण.

माझं म्हणणं साधं होतं. मी १८ महिने दुकानात उभा होतो. महिन्याला १२ हजार धरले तरी २ लाख १६ हजार माझा पगार झाला. तो आधी काढू, उरलेलं अर्धं-अर्धं. म्हणजे मला २ लाख ८८ हजार, त्याला ७२ हजार.

त्याचंही म्हणणं साधं होतं. भांडवल ७५ टक्के माझं, तर नफाही ७५ टक्के माझा. म्हणजे त्याला २ लाख ७० हजार, मला ९० हजार.

दोघंही खरं बोलत होतो. आपल्या मनात पहिल्या दिवसापासून हेच ठरलंय, असं दोघांनाही वाटत होतं.

शेवटी सीएकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघेही चुकताय."

न लिहिलेला करार

भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. हा कायदा तोंडी भागीदारीलाही मान्यता देतो. पण तुम्ही आपसात काही वेगळं ठरवलेलं नसेल, तर कलम १३ मधले नियम आपोआप लागू होतात. भागीदाराला कामाचा पगार नाही. भांडवलावर व्याज नाही. नफा सगळ्यांना समान, आणि तोटाही समान. कोणी किती घातले, कोण किती तास उभं राहिलं, याने फरक पडत नाही. भांडवलापेक्षा जास्तीची रक्कम फर्मला उसनी दिली असेल, तर त्यावर वर्षाला ६ टक्के व्याज.

म्हणजे आम्हाला प्रत्येकी १ लाख ८० हजार. जे आमच्या दोघांपैकी एकाच्याही मनात नव्हतं!

लक्षात घ्या, "आमचा काही करार नाही" अशी परिस्थिती कधी नसतेच. तुम्ही लिहिला नाहीत, तर १९३२ साली लिहून ठेवलेला करार तुमच्या दुकानाला लागतो. तो वाईट आहे असं नाही, पण तो तुमचा नाही.

गुमास्ता म्हणजे मालकीचा कागद नव्हे

इथे बरेच जण गडबड करतात. गुमास्ता सांगतो की या जागेवर दुकान चालतं. उद्यम नोंदणी सांगते की तुम्ही छोटे उद्योजक आहात. जीएसटी नंबर कर भरण्यासाठी. पण मालकी कोणाची किती, सही कोणाची, वेगळं व्हायचं झालं तर काय, हे यातला एकही कागद ठरवत नाही. ते काम करारनाम्याचं.

एलएलपी केलीत तर तिथे एलएलपी करार असतो. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत तो दाखल करावा लागतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर दोन कागद. मेमोरँडम म्हणजे कंपनी बाहेरच्या जगाला काय सांगते ते: नाव, राज्य, उद्देश, भांडवल. आणि आर्टिकल्स म्हणजे घरातले नियम: शेअर कोणाला विकता येईल, संचालक कसे नेमायचे. कायद्यात तयार नमुने आहेत, आणि बहुतेक जण तेच न वाचता सही करून मोकळे होतात. म्हणजे चूक तीच, फक्त फी जास्त.

डीडमध्ये काय हवंच

माझ्या अनुभवातून सांगतो.

पहिलं, नफा-तोट्याचं प्रमाण आकड्यात. "योग्य प्रमाणात" असं लिहू नका.

दुसरं, पगार आणि व्याज. दुकानात बसणाऱ्याला पगार द्यायचा तर डीडमध्ये लिहा. इन्कम टॅक्समध्येसुद्धा भागीदाराचा पगार आणि भांडवलावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज ठरलेल्या मर्यादेत खर्च म्हणून धरलं जातं, पण डीडमध्ये तशी तरतूद असेल तरच.

तिसरं, सही. बँकेत एकाची चालेल की दोघांची लागेल? किती रकमेच्या वरच्या मालाला दोघांचा होकार हवा? भागीदारीत एकाने फर्मसाठी केलेल्या देण्याला दुसऱ्याचं घरदारही जबाबदार असतं, हे विसरू नका.

चौथं, बाहेर पडणं. नोटीस किती दिवसांची, मालाची किंमत कोण काढणार, पैसे किती हप्त्यांत.

पाचवं, मृत्यू. हे लिहायला कोणाचा हात उठत नाही. पण करारात वेगळं नसेल तर भागीदार गेल्यावर फर्म बरखास्त होते. आणि भागीदार दोनच असतील, तर उरलेल्या एकट्याची भागीदारी होऊच शकत नाही. म्हणून दुकान पुढे कोण चालवेल आणि गेलेल्याच्या बायको-मुलांना त्यांचा वाटा कसा आणि कधी मिळेल, हे आजच लिहा. उद्या ती वहिनी दुकानात येऊन उभी राहील, तेव्हा तुमच्या दोघांच्याही मदतीला हाच कागद येईल.

स्टॅम्प आणि नोंदणी

"शंभरच्या स्टॅम्पवर उरकू" हे डोक्यातून काढा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या जागी पाचशे झाले, आणि भागीदारीला मुद्रांक शुल्क भांडवलावर ठरतं. चालू दर सीएला विचारा.

रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी सक्तीची नाही. पण कलम ६९ वाचा. नोंदणी नसलेल्या फर्मला धंद्याच्या करारातून येणं असलेले पैसे कोर्टात दावा लावून मागता येत नाहीत. समोरचा मात्र तुमच्यावर दावा लावू शकतो. उधारीवर माल देणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आपल्या राज्यात नियम याहूनही कडक होता. महाराष्ट्राने या कलमात भर घालून, नोंदणी नसेल तर भागीदाराला फर्म मोडण्यासाठी किंवा हिशेबासाठीही कोर्टात जाता येणार नाही, असं केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. तेवढा दरवाजा उघडला, पण उधारी वसुलीचा बंदच आहे.

कागद माणसांपेक्षा जास्त टिकतो

पापडीला बॅसीन कॅथॉलिक बँक आहे. १९१८ मध्ये सुरू झालेली. ज्यांनी ती उभी केली, त्यांच्यापैकी आज कोणी नाही, बँक आहे. माणसांचा विश्वास तर होताच, पण सभासद कोण, मत कोणाला, पैशाचा निर्णय कसा, हे सहकारी संस्थेच्या उपविधीत लिहिलेलं असतं. विश्वास पुढच्या पिढीकडे न्यायचा तर तो कुठेतरी लिहून ठेवावा लागतो.

आमचं काय झालं? दोघांनी १ लाख ८० हजार मान्य केले. दुकान माझ्याकडे राहिलं, आणि त्याचं भांडवल फेडायला मला तीन वर्षं लागली. दर महिन्याला पैसे पाठवायचो, तो "ओके" लिहायचा. तेवढंच बोलणं. पैसे फिटले, पण तो "ओके" अजून टोचतो.

म्हणून आजचा गृहपाठ. तुम्ही आणि तुमचा पार्टनर, दोघांनी वेगवेगळे बसा. वरच्या पाच मुद्द्यांची उत्तरं आपापल्या कागदावर लिहा. एकमेकांना विचारायचं नाही. मग चहा मागवा आणि कागद शेजारी-शेजारी ठेवा.

उत्तरं जुळली, तर तोच कागद घेऊन सीए किंवा वकिलाकडे जा, अर्धं काम झालंय. नाही जुळली, तर भांडून घ्या. आज गल्ल्यात काही नाही, त्यामुळे भांडण स्वस्तात मिटेल.