स्पर्धेच्या पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग कशी निवडतात? बीडच्या नेमबाजाने आधी काय पाहावं?

२२ ऑगस्ट २०१८, पालेम्बांग. आशियाई खेळांतल्या महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफासवान यांगपायबून यांचे ३४-३४ असे समान गुण झाले. शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीने सुवर्ण जिंकलं. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

इतक्या अटीतटीच्या लढतीत ऐनवेळी एखादी रिकामी पुंगळी पिस्तुलात अडकली, तर नेमबाजाची एकाग्रता तिथेच मोडते. ती अडकू नये म्हणून पिस्तुलात जी व्यवस्था असते, तिचा कणा म्हणजे रिकॉइल स्प्रिंग आणि तिला सरळ ठेवणारी गाइड रॉड.

गोळी सुटली की पिस्तुलाची स्लाइड (किंवा आतला बोल्ट) झटक्याने मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंग दाबते. दबलेली स्प्रिंग तिला परत पुढे ढकलते. पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये बसतं. स्प्रिंग फार कडक असेल तर स्लाइड पूर्ण मागे जातच नाही आणि पुंगळी अडकते. फार नरम असेल तर स्लाइड मागे आपटते आणि पुढे येताना नीट बंद होत नाही.

स्प्रिंग झटका कमी करते का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. झटका ठरतो तो गोळीचं वजन आणि वेग यांवरून. .२२ ची नेहमीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण ३२० मीटर वेगाने जाते. ९ मिलिमीटरची गोळी आठ ग्रॅमच्या आसपास आणि वेग साधारण ३५० मीटर. म्हणजे दुसऱ्या पिस्तुलाचा धक्का तिपटीहून जास्त. स्प्रिंग कोणतीही लावली तरी हा हिशेब बदलत नाही. तो धक्का हाताला एकदम बसेल की थोडा पसरून, एवढंच स्प्रिंगच्या हातात असतं.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. .२२ च्या पिस्तुलात गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत बोल्ट जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेला असतो. त्यामुळे सुटलेली गोळी कुठे लागली, यात स्प्रिंगचा वाटा नगण्य. नऊ पडला म्हणून स्प्रिंगला दोष देणं म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं. स्प्रिंगचा संबंध पुढच्या गोळीशी आहे.

मग कोणत्या प्रकारात तिचं महत्त्व किती?

महिलांच्या २५ मीटर पिस्तूलमध्ये ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश, अचूकतेच्या. पुढच्या ३० रॅपिड टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि मग सात सेकंद जातं, त्या वेळात हात खाली घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी एकच गोळी मारायची. म्हणजे झटक्यानंतर साइट किती चपळाईने जागेवर येते, याने इथे फारसा फरक पडत नाही. पुरुषांच्या सेंटरफायर पिस्तूलचीही रचना हीच. या दोन्ही प्रकारांत स्प्रिंगकडून एकच अपेक्षा: पिस्तूल एकदाही अडू नये.

पुरुषांच्या रॅपिड फायर पिस्तूलची गोष्ट वेगळी. तिथे पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत. तिथे साइट एका लयीत परत येणं हाच खेळ असतो आणि स्प्रिंगचा बारीक फरकही हाताला कळतो.

पिस्तूल अडलं तर नियम काय म्हणतात? काडतूस उडालं नाही किंवा पुंगळी बाहेर पडली नाही, तर तो मान्य बिघाड धरला जातो आणि ठरावीक मर्यादेत पुन्हा संधी मिळते. पण गडबडीत खेळाडूने स्वतःच बोल्ट किंवा सेफ्टीला हात लावला, तर तोच बिघाड अमान्य ठरतो. अडलेलं पिस्तूल ओढून मोकळं करावं असं हाताला आपोआप वाटतं, म्हणून हात न लावण्याची सवय सरावातच करावी लागते.

परदेशी सल्ला इथे का चालत नाही

इंटरनेटवर शोधलं की सल्ले मिळतात ते बहुतेक अमेरिकी स्पर्धांचे. ग्लॉक १७ ची मूळ १७ पाउंडांची स्प्रिंग काढून १३ किंवा १५ पाउंडांची घाला, .४५ च्या १९११ पिस्तुलात १६ च्या जागी १२ पाउंडांची घाला, वगैरे. तिथे नेमबाज कमी दारूची काडतुसं वापरतात. धक्काच कमी म्हणून स्प्रिंगही नरम. या सल्ल्यात चूक काही नाही, फक्त तो वेगळ्या काडतुसासाठी आहे.

भारतात ९ मिलिमीटर आणि .४५ हे बोअर प्रतिबंधित गटात मोडतात. इथला स्पर्धक .२२ किंवा सेंटरफायरसाठी .३२ चं वॉडकटर काडतूस वापरतो. पार्दिनी, मोरिनी, वॉल्थर यांच्या .२२ च्या स्पर्धा-पिस्तुलांत वरची अख्खी स्लाइड मागे येत नाही, आतला बोल्टच फिरतो. मुळात .२२ च्या काडतुसात ताकद बेताची, त्यामुळे कारखान्यातून आलेली स्प्रिंग आधीच काटेकोर जुळवलेली असते.

टंगस्टनच्या गाइड रॉडचंही तेच. टंगस्टन पोलादाच्या सुमारे अडीचपट जड, म्हणून मोठ्या पिस्तुलात त्याची रॉड नळीखाली बसवली की तोंड कमी उडतं. स्पर्धेच्या .२२ पिस्तुलाला वजनाच्या पट्ट्या बाहेरून लावायची सोय असते. एकूण वजन १,४०० ग्रॅमच्या आत राहिलं की झालं. त्यासाठी महागडी रॉड मागवण्यात अर्थ नाही. रॉड सरळ, गुळगुळीत आणि स्वच्छ असणं पुरे.

पारख कशी करायची

आधी काडतूस ठरवायचं, मग स्प्रिंग. उलटं कधीच नाही. रेंजवर प्रशिक्षकासमोर मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून गोळी झाडली की बोल्ट मागे थांबायला हवा. वारंवार थांबत नसेल तर त्या काडतुसाला स्प्रिंग कडक पडते आहे, किंवा मनगट सैल आहे. पुंगळ्या नेहमीपेक्षा फार लांब उडू लागल्या तर स्प्रिंग थकली असावी. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी पाहिली तरी कळतं. स्लाइडच्या पिस्तुलात गोळीनंतर पुढची साइट लक्ष्याच्या खाली बुडत असेल तर स्प्रिंग कडक, वर रेंगाळत असेल तर नरम, असा ढोबळ आडाखा आहे.

मात्र स्प्रिंग बदलण्याआधी पिस्तूल साफ करून पाहावं. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, ते काजळीत मिसळून चिकट थर बसतो. त्यात बीडचा एप्रिल-मे, चाळिशीपार पारा आणि धूळ. तेल जास्त घातलं की धूळ त्यालाच चिकटते. ‘स्प्रिंग गेली’ अशी तक्रार बरेचदा एका साफसफाईत मिटते.

आणि बीडमध्ये?

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. अशा जिल्ह्यात खेळासाठी पिस्तूल बाळगणाऱ्याने कागद चोख ठेवणं भागच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात त्याचे भागही येतात आणि शस्त्र बनवणं, त्यात फेरफार किंवा दुरुस्ती करणं यांसाठी परवाना लागतो. लेथवाल्याकडून गाइड रॉड करून घेणं किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये स्प्रिंगचे दोन वेढे कापून घेणं हा म्हणूनच घरगुती जुगाड राहत नाही. तांत्रिकदृष्ट्याही ते चूकच: वेढे कापले की स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब कमी होतो, पण उरलेली स्प्रिंग आणखी ताठ होते. बोल्ट नीट बंद होत नाही आणि मागे जाताना आपटतो.

सुटा भाग घ्यायचा तर परवानाधारक विक्रेत्याकडून, त्याच मॉडेलचा आणि पावतीसह. बीडहून पुण्याच्या बालेवाडीला जायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून एक नवी मूळ स्प्रिंग पेटीत असू द्यावी. काडतुसांचा ब्रँड किंवा लॉट बदलला, की त्याच दौऱ्यात एक-एक काडतूस भरून पुन्हा तीच चाचणी घ्यावी.