निळी घोडी, निळं गवत

वेल्समधला शेतकरी करड्या घोडीला निळी म्हणतो, तेव्हा त्याच्या नजरेत काही दोष नसतो. वेल्शमध्ये ‘ग्लास’ म्हणजे निळा. उच्चार आपल्या पाणी प्यायच्या ग्लाससारखाच. आभाळ ग्लास, समुद्रही ग्लास. पण गवताला म्हणतात ‘ग्लस्वेल्ट’, म्हणजे शब्दशः निळा पेंढा!

याचं कारण, जुन्या वेल्शमध्ये या एकाच शब्दात आभाळाची निळाई, पालवीची हिरवाई आणि करड्याचाही काही भाग मावत असे. हिरव्यासाठीचा ‘ग्विर्द’ मुळात लॅटिन ‘विरिदिस’वरून आलेला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ लुई येल्मस्लेव यांनी 1943 साली हेच उदाहरण घेऊन दाखवलं की, रंगांचा पट्टा सलग असतो. त्यावर कुंपणं घालते ती भाषा.

डोळा मात्र सगळ्यांचा सारखाच. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, मग माणूस कार्डिफचा असो की कोल्हापूरचा. बर्लिन आणि के या अमेरिकी संशोधकांनी 1969 साली सुमारे शंभर भाषा तपासल्या. निळ्या-हिरव्याला एकच शब्द असणाऱ्या भाषा त्यांत बऱ्याच निघाल्या.

मग शब्दामुळे नजर बदलते का? थोडीशी, असं दिसतं. रशियनमध्ये गडद आणि फिक्या निळ्याला दोन वेगळे शब्द आहेत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या सीमेच्या अलीकडची-पलीकडची छटा रशियन भाषकांनी अधिक झटकन वेगळी ओळखली. मनातल्या मनात आकडे घोकायला लावले, की ही आघाडी गळून पडे. म्हणजे करामत डोळ्याची नव्हती.

आज शाळेत शिकलेला वेल्श मुलगा हिरव्याला ग्विर्दच म्हणतो. ‘ग्लास’चा जुना पसारा उरलाय तो जोडशब्दांत. मिसरूड फुटलेला पोरगा ‘ग्लस्लांक’, आणि विद्यापीठात नवख्यांच्या स्वागताचा आठवडा तोही ‘ग्लास’चाच. हा रंग तिथे कोवळेपणाचा. मराठीत ‘हिरवट’ हे विशेषण म्हाताऱ्याला लागतं, ते वेगळ्याच कारणासाठी! जीव तोडून केलेल्या प्रयत्नालाही वेल्शमध्ये ‘ग्लास’च जोडतात.

समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये याच शब्दाचं भावंड नेमकं उलट्या बाजूला सरकलं. आयरिशमध्ये निळ्याला ‘गोरम’ म्हणतात, आणि सिग्नलचा हिरवा दिवा ‘ग्लास’.