पिसाळलेला कोल्हा आणि गोठ्यांतील बैल

कोल्हा हा स्वभावतः भित्रा. मनुष्याची चाहूल लागतांच तो उंसांत दडी मारतो. असा कोल्हा भरदिवसां बांधावर येऊन माणसास न भितां उभा राहूं लागला, झोकांड्या खाऊं लागला किंवा दिसेल त्यास चावूं लागला, म्हणजे तो पिसाळला असें समजावें. काठी घेऊन त्याच्या मागें धांवण्यांत शौर्य नाहीं. मुलें व गुरें आंत घेऊन वनखात्यास १९२६ या दूरध्वनि-क्रमांकावर कळवावें. तो अंगावरच आला, तर प्राणरक्षणार्थ सद्धेतूनें मारणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा होत नाहीं. परंतु मेलेला कोल्हा सरकारी मालमत्ता ठरतो, म्हणून तो परस्पर पुरूं नये. त्याच्या लाळेंत व मेंदूंत रोगाचें विष असतें. त्यास उघड्या हातानें ओढूं नये. कुत्रीं तोंड लावतील यास्तव वनखात्याचीं माणसें येईपर्यंत बाभळीच्या फांद्या टाकून ठेवाव्या.

माणसास चावा वा ओरखडा झाला, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पुरीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. चुना, मिरची, मंत्र यांत वेळ दवडूं नये. पाश्चरसाहेबांनीं १८८५ सालीं ही लस प्रथम माणसास टोचली. ती रोग प्रकट होण्यापूर्वींच गुण देते. पाण्याचें भय सुरू झाल्यावर रोगी बहुधा हातीं लागत नाहीं.

आम्हांस विशेष सांगावयाचें तें गोठ्याविषयीं. रात्रीं रानांत बांधलेल्या बैलास चावा होतो, तो धन्यास ठाऊकही नसतो. कांहीं आठवड्यांनीं, क्वचित् महिन्यांनीं, बैल घोगऱ्या आवाजानें हंबरूं लागतो, लाळ गाळतो, त्यास घांस गिळवत नाहीं. घशांत कांहींतरी अडकलें अशा समजुतीनें धनी त्याच्या तोंडांत हात घालतो. हा हात विळ्याखुरप्यानें कापलेला, भेगाळलेला. विषास तेवढी वाट पुरते. असें करणारा मनुष्य अडाणी नव्हे, उलट जनावराची काळजी वाहणाराच असतो, म्हणून हें लिहावें लागत आहे. शिवारांत पिसाळलेला कोल्हा वा कुत्रा दिसल्याची वार्ता असेल, तर गिळवत नसलेल्या जनावरास वेगळें बांधून पशुवैद्यास बोलवावें. हात घालून झाला असेल, तर तो साबणानें धुवून धन्यानें स्वतः लस घ्यावी. गाय-म्हैस असल्यास तिचें दूध कोणासही देऊं नये.

चावा डोळ्यांदेखत झाला असेल, तर हातमोजे घालून जनावराचीही जखम साबणानें धुवावी व लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्याकडून लस टोंचून घ्यावी.