बसलेली गाडी

सकाळी दार उघडावं आणि अंगणातली गाडी मागच्या पायांवर बसलेल्या म्हशीसारखी दिसावी, तसं माझ्या मावसभावाचं झालं. निवृत्तीच्या पैशांतून त्यानं जुनी परदेशी गाडी घेतली होती. कारण एकच, मावशीचे गुडघे. गावच्या रस्त्यावर तिला हादरे बसू नयेत. या गाडीला पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी फुगे असतात. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, उंची मोजणारे सेन्सर संगणकाला खबर देतात आणि विजेवर चालणारे व्हॉल्व्ह हवा सोडतात-अडवतात. कॅडिलॅकनं 1957 सालीच हवेची गादी दिली होती. आपल्याकडे 2001 पासून व्होल्वोच्या बसमधून लोकांना तिची चटक लागली.

वर्कशॉपनं संगणक लावला, कोड पाहिला आणि सांगितलं, ‘कॉम्प्रेसर गेला. सव्वा लाख.’ भाऊ घरी येऊन गप्पच बसला. मावशी म्हणाली, ‘विकून टाक रे, मी एस.टी.नं जाईन.’ ते त्याला जास्त लागलं.

मग कोणीतरी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. मीही बरोबर गेलो. मिस्त्रींचा पहिला प्रश्न : ‘साहेब, गाडी रात्रीतून खाली बसते, की सकाळी उठायलाच तयार नसते?’ बसते म्हणजे हवा गळते, उठत नाही म्हणजे वीज पोचत नाही. भाऊ म्हणाला, ‘दोन्ही.’ मिस्त्री हसले. ‘मग दोन आजार आहेत. कोड एवढंच म्हणतो, की गाडी वेळेत वर आली नाही. का आली नाही, ते त्याला काय ठाऊक?’

आधी त्यांनी गाडीखाली घोड्या लावल्या. फुग्यातली हवा अचानक गेली तर खालचा माणूस चिरडतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. फ्यूज शाबूत होता. रिले काढून त्या जागी फ्यूज लावलेली तार जोडली. कॉम्प्रेसर मुका. त्याचा प्लग काढून मीटर लावला, तर बारा व्होल्ट! मी म्हटलं, ‘म्हणजे कॉम्प्रेसरच गेला.’ मिस्त्रींनी उत्तर न देता हेडलाइटचा जुना बल्ब त्या प्लगला जोडला. बल्ब मिणमिणला. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. बल्ब वीज मागतो, तेव्हा पितळ उघडं पडतं. मग त्यांनी बल्बची अर्थिंगची बाजू थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि बल्ब लख्ख पेटला. दोष अर्थिंगच्या वाटेत होता. चाकाच्या कमानीमागे एक बोल्ट सापडला, हिरव्या बुरशीनं माखलेला. कानस, नवा लग, ग्रीस. कॉम्प्रेसर घुरघुरला आणि मागची बाजू हळूहळू उचलली गेली. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पण मिस्त्री पैसे घेईनात. ‘रात्रभर ठेवा.’ चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं माप त्यांनी खडूनं भिंतीवर लिहिलं. सकाळी उजवी मागची बाजू दोन बोटं खाली. साबणाचं पाणी लावताच फुग्याच्या घडीतून बुडबुडे निघाले. हा फुगा बदलला नसता तर कॉम्प्रेसर रोज धापा टाकत खरोखरच जळाला असता. फुग्याला खर्च आला, पण सव्वा लाखाच्या पुष्कळ आत.

मावशी गावी जाऊन आली. रस्ता कसा होता, असं विचारलं तर म्हणाली, ‘मला झोप लागली होती.’