पोरगी बरी दिसते तेव्हाची गोळी

आज बचतीचं, कर्जाचं काही सांगणार नाही. आज एका आजाराबद्दल बोलायचं आहे. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात, पुस्तकात द्विध्रुवीय मनोविकार असं लिहितात. सोपं करून सांगायचं तर मनाची दोन टोकं. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला खोल उदासी, आणि मधल्या काळात आपली नेहमीची लेक.

कंधार तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या ताईंची ही गोष्ट. त्यांना विचारूनच सांगते आहे, नाव सांगणार नाही. त्यांची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि बारावीसाठी लातूरला क्लासला गेली. पहिल्या वर्षी दोन महिने ती गप्प गप्प होती. जेवण नाही, अंघोळीला उठायचं नाही, सारखं रडू. गावाकडच्या डॉक्टरांनी उदासीची गोळी दिली. पुढे काही दिवसांनी हॉस्टेलवरून तिचे फोन यायला लागले, तेही रात्री तीन वाजता. "आई, मी झोपतच नाही, तरी थकत नाही. मी राज्यात पहिली येणार." ताईंनी गटाच्या बैठकीत पेढे वाटले. मीही खाल्ला. लेकरू रात्रभर अभ्यास करतंय म्हटल्यावर कोणती माय काळजी करेल?

तीन आठवड्यांनी तिला घरी आणावं लागलं. बोलणं थांबेना, मैत्रिणींकडून उसने पैसे घेऊन पाच ड्रेस आणलेले, अडवलं की अंगावर धावून यायची. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लग्न करून टाका. महिनाभर देवऋषी झाला, मग दवाखाना.

तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याआधी कधी खूप उदास होती का?" आणि ताईंच्या लक्षात आलं की उदासीच्या वेळी कुणाला रागा-उत्साहाचं सांगितलं नव्हतं, आणि आता उदासीचं सांगायचं राहून गेलं होतं. हे फार महत्त्वाचं आहे बायांनो. आपण दुःख सांगतो, पण "मध्ये आठ दिवस झोपलीच नाही, फार खूश होती" हे आजार म्हणून सांगतच नाही. बायपोलर असलेल्या माणसाला नुसती उदासीची गोळी दिली तर कधी कधी ती उलट उन्मादाकडे ढकलते. म्हणून दोन्ही टोकं सांगायची.

हा आजार बहुतेक वेळा शाळा-कॉलेजच्या वयात किंवा विशी-पंचविशीत पहिल्यांदा दिसतो. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता जास्त. आईच्या वळणाने किंवा कुणाच्या नजरेने तो होत नाही.

आता गोळीचं. या आजारात जुनं आणि भरवशाचं औषध म्हणजे लिथियम. 1949 साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. हा एक प्रकारचा क्षार आहे, म्हणून शरीरातल्या मिठा-पाण्याशी त्याचं थेट नातं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं आणि तेच विषासारखं होतं. आपल्या मराठवाड्यात हे विसरून चालत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवतं ना? घरात पाणी कमी असलं तरी तिचा तांब्या भरलेला हवा. उन्हात तूर-सोयाबीनच्या कामाला दिवसभर लावू नका, निर्जळी उपवास नको, मीठ एकदम बंद करू नका. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका, त्यातल्या काही गोळ्या लिथियम वाढवतात. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. हात जोरात थरथरले, झोक जायला लागला, जीभ जड झाली तर सरळ दवाखाना गाठा. रक्तातलं लिथियम वेळोवेळी तपासतात. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. थायरॉईड आणि किडनीचीही तपासणी असते.

दुसरं एक औषध व्हॅलप्रोएट. त्याने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. तरण्या मुलीला ते लिहून दिलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. पण स्वतःहून बंद करू नका.

बंद करण्याचीच तर सगळी गोष्ट आहे. ताईंची मुलगी चार महिन्यांत हसू-खेळू लागली. घरचे म्हणाले, "बरी झाली, आता कशाला गोळ्या?" बंद केल्या. दिवाळीनंतर पुन्हा उन्माद, पहिल्यापेक्षा जास्त. ती गोळ्यांमुळेच बरी दिसत होती, हे कळायला ही दुसरी खेप लागली. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन गोळ्या देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आता ताईंकडे एक वही आहे. रोज एक ओळ: किती तास झोपली, गोळी घेतली का, स्वभाव कसा होता. झोप सलग दोन रात्री कमी झाली की त्या वाट बघत नाहीत. माळेगावच्या जत्रेला मुलीला नेतात, पण जागरणाला बसवत नाहीत. नवसापेक्षा झोप मोठी, असं त्या म्हणतात, मी फक्त ऐकते.

उदासीच्या काळात मात्र दुसरी काळजी. फवारणीचं औषध कुलुपात ठेवा, गोळ्यांचं पाकीट स्वतःकडे ठेवा. "मरावंसं वाटतं का?" हे तिला सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'टेलिमानस'चा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मनोविकाराचे डॉक्टर भेटतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात हा उपचार मिळणं आपला हक्क केला आहे.

येण्या-जाण्याच्या एसटी भाड्यासाठी ताईंनी गटातून कर्ज मागितलं तेव्हा कारणाच्या रकान्यात काय लिहावं, यावर बैठक अडली होती. एकीने 'शेळी' लिहायला सुचवलं. ताई म्हणाल्या, "दवाखाना लिहा. मुलीचा." तसंच लिहिलं. मुलगी आता गावाजवळच्या कॉलेजात बी.ए.ला आहे आणि रात्री दहाला झोपते.